चिनी ‘छ्वानयुए’ कादंबऱ्या : नायिका आधुनिक असते ती नेमकी कुठे?

रातकिडा
लॉकडाउनात लागलेलं व्यसन अजून सुटलेलं नाही, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ‘छ्वानयुए’ म्हणजे आजची मुलगी मरते आणि डोळे उघडते ते जुन्या चीनमधल्या कुणा सरदारकन्येच्या देहात. पुढे प्रेम, कारस्थानं, आणि अनुवादक मध्येच कंटाळला नाही तर शेवट.

माझी तक्रार अशी. नवऱ्याला दुसरी बायको करू द्यायची नाही, इथवर ही मुलगी आधुनिक. पण तिचे केस विंचरणारी दासी आपल्या पेशवाईतल्या कुणबिणीसारखी विकत घेतलेली असते. तिचा विक्रीचा कागद बाईसाहेबांच्या पेटीत. दासीने दगा दिला की तिला विकून टाकायला हीच सांगते, आणि वाचक (मीसुद्धा!) म्हणतात, बरं झालं.

ताकपिठं
साफ असहमत. मिंगलानची कादंबरी घे. ती मागच्या आयुष्यात कोर्टात कारकून होती, म्हणजे कायदा तिला कळतो. पण इथे ती उपपत्नीच्या पोटची सहावी मुलगी. लग्न, कपडे, जेवण, सगळं बापाच्या थोरल्या बायकोच्या हातात. ती कुणाला मुक्त करणार? हुशार माणूस जिवंत राहण्यासाठी स्वतःला किती दुमडून घेतं, हेच तर त्या कादंबरीत बघण्यासारखं आहे. 2018च्या मालिकेत हे दुसऱ्या काळातून येणंच काढून टाकलं. मालिका देखणी आहे, पण मिंगलानची मनातल्या मनातली तिरकस बडबड गेली आणि अर्धी गंमत तिच्याबरोबर गेली.

घाटमाथा
दासींचं राहू दे, पायांचं बोला. छिंग काळात, म्हणजे चीनवर मांचू राजघराणं होतं तेव्हा, हान (बहुसंख्य चिनी) घरांतल्या मुलींचे पाय लहानपणीच बांधून मोडत. मग नायिका बागेत धावणार कशी? म्हणून छिंग काळातली नायिका हटकून मांचू, कारण मांचू बायका पाय बांधत नसत. नाहीतर सरळ काल्पनिक राजवंश, तिथे इतिहास विचारायला येत नाही. पळवाट म्हणतो मी याला. अशा काल्पनिक राज्यात सू शी या जुन्या चिनी कवीची कविता आपली म्हणून म्हणून दाखवायची आणि दरबाराने माना डोलवायच्या, हा तर शुद्ध चोरीचा माल.

रातकिडा
कवितेबद्दल +1. पण खऱ्या राजवंशाची गंमत वेगळीच. छिंग बादशहा खांगशी 1661 ते 1722 गादीवर, मुलं गादीसाठी टपलेली, आणि चौथा राजपुत्र जिंकून योंगचंग बादशहा होणार हे नायिकेला ठाऊक. तोंग ह्वा या लेखिकेच्या 2005च्या कादंबरीत नायिका रुओशी आठव्या राजपुत्राला वाचवायला म्हणून सांगते, चौथ्यापासून जप. त्या इशाऱ्यानेच आठवा चौथ्यावर डाव टाकतो आणि जे टाळायचं तेच घडायला लागतं. या प्रकारात मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

आत्याबाई
तुम्ही सगळे इंग्रजीतून वाचता आणि तिथे निम्मं नाट्य मरतं, कारण सगळे ‘कझिन’! चिनीत चुलतभाऊ ‘थांग’, आणि आते-मामे-मावस भाऊ ‘ब्याओ’. थांग एकाच घराण्याचे, त्यांच्यात लग्नाचा विचारच नाही. ब्याओ मात्र चालतो. म्हणून तो चार दिवस राहायला आला की घरातल्या बायकांची गणितं सुरू होतात, आणि इंग्रजी वाचक खाली ‘ईऽऽ’ लिहितात. आपल्याला ईऽऽ वाटायचं कारण नाही, मामाची मुलगी आपल्याकडे कित्येक समाजांत चालते. फक्त मावसबहीण आपल्याकडे बहीणच, तिकडे तीही चालते. अठराव्या शतकातल्या ‘लाल महालाचं स्वप्न’ या चिनी कादंबरीमध्ये नायकाचं प्रेम आतेबहिणीवर आणि लग्न मावसबहिणीशी. एवढी मोठी शोकांतिका ‘कझिन’ या एका शब्दात कशी मावणार? कुणीतरी हे थेट मराठीत आणा, नात्यांचे शब्द तयार आहेत.

बिनसाखरेचा
पाल्हाळाबद्दल कुणी बोलेना. तिकडे वाचक हजार अक्षरांमागे पैसे मोजतो, लेखिकेला रोज नवा भाग टाकावा लागतो. म्हणून एक मेजवानी नऊ भाग चालते.

आत्याबाई
मला तर त्या मेजवान्याच आवडतात. शेतीवाडीच्या कथांमधली लोणचीसुद्धा.

ताकपिठं
रातकिडा, तुझ्याच रुओशीकडे बघ. ती खांगशीच्या दरबारात चहा देणारी. चौदाव्या राजपुत्राशी लग्न कर हा बादशहाचा हुकूम नाकारला, तर कपडे धुण्याच्या खात्यात वर्षानुवर्षं हात सोलवटून घेते. तिथे दासी कोण आणि बाईसाहेब कोण?

रातकिडा
हे पटलं, अर्धंच. धुण्याच्या दगडाशी तिच्या शेजारी जी बसलेली असते, तिच्या देहात कुणी का जागं होत नाही?