मदत हवी आहे: महिंद्रा सीजे-३बी जीपच्या ट्रान्सफर केसची तेलगळती, नवे सील टिकत नाही

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या महिंद्रा सीजे-३बी जीपच्या ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी) मागच्या बाजूने तेल गळते आहे आणि नवे ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी) बसवूनही थोड्याच दिवसांत गळती पुन्हा सुरू होते. म्हणून केस पुन्हा खोलण्याआधी आपला सल्ला हवा आहे. गाडीला मूळचे हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याच्या मागे जोडलेली स्पायसर १८ ट्रान्सफर केस आहे.

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुट शाफ्टवरील ड्रमवर लागतो. त्यामुळे मागचे सील गेले की तेल जमिनीवर दिसण्याआधी ड्रममध्ये शिरते. ड्रम उतरवला तेव्हा लायनर तेल पिऊन काळे आणि गुळगुळीत झालेले होते, आणि त्यामुळेच गाडी चढावर हँडब्रेकवर उभी राहत नव्हती. जुनी जीप म्हटली की थोडे तेल गळायचेच, असे बहुतेक मिस्त्री सांगतात. पण घाटरस्त्यावर माणसे बसलेली गाडी ज्या ब्रेकवर उभी करायची, त्याच्या बाबतीत मला हे मान्य करता येत नाही.

गळतीची जागा नक्की करण्यासाठी केस डिझेलने धुऊन कोरडी केली, तिच्यावर टाल्कम पावडर मारली आणि गाडी फिरवून आणली. पावडर दोन ठिकाणी भिजली होती: मागच्या योकभोवती (आउटपुट शाफ्टच्या टोकाचा, प्रोपेलर शाफ्ट जोडायचा भाग), आणि इंटरमीजिएट शाफ्टच्या (केसमधल्या मधल्या गिअरचा शाफ्ट) लॉक प्लेटखाली. पुढच्या टोपीतून बाहेर येणाऱ्या शिफ्ट रॉडची सील मात्र कोरडी होती. दुसरी खूण अशी की तेलाची पातळी तपासायचे लेव्हल प्लग उघडले असता गिअरबॉक्समध्ये तेल कमी निघाले आणि ट्रान्सफर केसमधून जास्तीचे तेल बाहेर आले. म्हणजे गिअरबॉक्समधले तेल मागे उतरते आहे आणि पातळी वाढल्यामुळे मागच्या सीलवर सतत तेल चढून राहते, असा माझा अंदाज आहे. ब्रीदरही (केसमधला हवेचा दाब बाहेर सोडणारा मार्ग) मातीने बुजलेला होता; तो साफ केल्यावर गळती थोडी कमी झाली, पण थांबली नाही.

माझ्या मते मूळ दुखणे सीलमध्ये नाही. योकवर सीलचा ओठ (आतली टेकणारी कड) जिथे फिरतो तिथे गोल खाच पडली आहे आणि नख फिरवले की ते तिच्यात अडकते. अशा पृष्ठभागावर कितीही चांगले सील लावले तरी त्याचा ओठ लवकरच झिजणार. यावर तीन उपाय ऐकले आहेत. एक, सुमारे पाव मिलिमीटर जाडीची स्टीलची स्लीव्ह योकवर चढवायची, म्हणजे सीलचे माप बदलावे लागत नाही. दुसरा, हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग करून घ्यायचे. तिसरा, सील किंचित मागे-पुढे बसवून त्याचा ओठ न झिजलेल्या भागावर आणायचा. आपल्यापैकी कोणी स्लीव्ह लावून पावसाळ्यासह वर्ष-दोन वर्षे गाडी चालवली असेल, तर तिचा अनुभव प्रामुख्याने हवा आहे.

त्याहून मोठी शंका बेअरिंगच्या प्लेची, म्हणजे ढिलेपणाची, आहे. मागच्या आउटपुट शाफ्टची टेपर बेअरिंगे मागच्या टोपीखालच्या शिमांनी (धातूच्या पातळ चकत्या) जुळवायची असतात आणि शाफ्टचा एंड प्ले (शाफ्ट लांबीच्या दिशेने जितका सरकतो ते अंतर) ०.००४ ते ०.००८ इंच असावा लागतो. आमच्या केसमध्ये पूर्वी कोणीतरी शिमांऐवजी कागदी पॅकिंग आणि भरपूर सिलिकॉन लावून टोपी आवळलेली आढळली. योक धरून हलवला की शाफ्ट हाताला जाणवेल इतका हलतो. शाफ्टच डोलत असेल तर सीलचा ओठ त्याला सगळीकडून सारखा कसा धरणार? म्हणून आधी शिम लावून प्ले बरोबर करावा, मग योक दुरुस्त करावा आणि सर्वात शेवटी सील बसवावे, असा क्रम मी ठरवला आहे. तो योग्य आहे का, आणि डायल गेज (असे सूक्ष्म अंतर मोजायचे उपकरण) नसलेल्या गॅरेजमध्ये हा प्ले भरवशाने कसा मोजावा, हे कृपया सांगावे.

इंटरमीजिएट शाफ्टच्या छिद्रातून येणारे तेल नुसत्या सीलंटने थांबते, की छिद्र झिजले असल्यास केसला बुश घालावा लागतो? योकच्या आतल्या स्प्लाइनमधूनही (योक शाफ्टवर अडकवणाऱ्या लांबट खाचा) तेल नटपर्यंत येते असे वाचले आहे; तिथे आणि वॉशरखाली सीलंट लावणे पुरेसे आहे का? गिअरबॉक्समधून मागे येणारे तेल कसे अडवावे, हाही प्रश्न आहेच. टी-९०मध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असल्यामुळे मी जीएल-४ या दर्जाचे गिअर ऑइल, ९० नंबरचे, वापरतो, आणि गळती कमी व्हावी म्हणून त्याहून घट्ट तेल घालण्याची माझी तयारी नाही.

योकचा बाहेरचा व्यास आणि सध्याच्या पॅकिंगची जाडी मोजून ठेवली आहे. कोणाला हवी असल्यास इथेच देतो. केस खाली उतरवायचे काम पुढच्या आठवड्यात सुरू करणार आहे, त्याआधी निदान शिमांबद्दल कळले तर फार उपकार होतील.