मदत हवी आहे : इंदूरजवळचा धबधबा, एका दिवसात, सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल असा

जुई_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. राखीला नणंद पुण्याहून मुलाला घेऊन माहेरी येते आहे. रविवारचा अख्खा दिवस मोकळा आहे. सगळ्यांना धबधबा बघायचाय आणि थोडं चालायचंही आहे.

सासूबाई ६८ वर्षांच्या. रोज सकाळी बागेत अर्धा तास चालतात, पण जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. चढताना तेवढा त्रास नाही. भाचा ११ वर्षांचा, सिंहगड चढून आलेला, त्यामुळे त्याला कितीही चालवा. माझी मुलगी ६ वर्षांची आणि एका जागी टिकणारी नाही. गाडी घरचीच आहे. सकाळी सातला निघून अंधाराच्या आत परत यायचं आहे.

माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे इकडची ठिकाणं मला नावानेच माहीत आहेत: पाताळपाणी, तिंछा, काजलीगढ, जानापाव, कालाकुंडची छोटी रेल्वे. आमच्या ह्यांचं म्हणणं, पाताळपाणीला खाली कुंडापर्यंत उतरायचं, नाहीतर मजा नाही. मला ते पटत नाहीये. पण सासूबाईंना ‘तुम्ही गाडीत बसा, आम्ही जाऊन येतो’ असंही सांगायचं नाही. या सहलीची सगळ्यात जास्त वाट त्याच बघताहेत. धबधबा नीट दिसेल, पाऊण-एक तास चालणं होईल आणि उतरण कमी असेल, अशी जागा कुठली?

महूकर_काका

जुई, तू उतरणीचं लिहिलंस ते बरं केलंस, कारण इथे सगळं त्यावरच ठरतं.

महाराष्ट्रात घाटाखाली कोकणाच्या बाजूने गेलो की धबधबा बहुधा खालून दिसतो. चढून जायचं, बघायचं, उतरून घरी. आपल्याकडे उलटं आहे. इंदूर, महू, सिमरोल हे सगळं माळव्याच्या पठारावर. दक्षिणेकडे हे पठार एकदम संपतं आणि विंध्याचा कडा निमाडात उतरतो. पठारावरचे नदी-ओढे त्या काठावरून खाली झेप घेतात, म्हणून पाताळपाणी, तिंछा, काजलीगढ एकाच काठाच्या रांगेत आहेत. गाडीरस्ता आपल्याला सरळ धबधब्याच्या माथ्यावर आणून सोडतो. खाली जायचं म्हटलं तर उतरण आधी येते, तीही ओल्या, शेवाळलेल्या काळ्या दगडावरून, आणि चढण शेवटी, सगळे दमल्यावर. तुझ्या सासूबाईंसाठी यापेक्षा वाईट क्रम नाही.

पण याच रचनेचा फायदाही आहे. पूर्ण धार बघायला खाली जावंच लागत नाही. पाताळपाणीची उंची सुमारे ३०० फूट आहे, आणि कठडा लावलेल्या जागेवरून धार पडताना, खालचं कुंड आणि दरी एका नजरेत येते. सासूबाईंना सगळ्यांइतकंच दिसेल, अर्धंमुर्धं नाही.

आता तुझ्या यजमानांसाठी, मनापासून. कुंडात आणि वरच्या पात्रातही उतरू नका. जुलै २०११ मध्ये इथेच एका कुटुंबातले पाच जण लोंढ्यात अडकून वाहून गेले, त्यातले तिघे दगावले. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वरच्या भागात पडून गेलेला असतो. तो सगळा पाण्याचा भार काही मिनिटांत काठावर येतो. पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज जड झाला, तर ‘एक फोटो काढून निघू’ असंसुद्धा म्हणायचं नाही. पोरांना उचला आणि वर या. ते कॉलेजात असताना उतरले असतील, आमच्या वेळी आम्हीही उतरायचो. तेव्हाही ते धोक्याचंच होतं.

सिमरोलची_सून

काकांना पूर्ण अनुमोदन.

जुई, मी तिंछा आणि काजलीगढ सुचवेन. दोन्ही खंडवा रोडने सिमरोलच्या बाजूला. तिंछाला वरूनच समोरचा कडा आणि धार दिसते, चालणं जवळजवळ सपाट आहे. पाऊस चांगला झाला असेल तर देखणा, आठवडाभर उघडीप असेल तर धार बारीक होते, हे मनाशी धरूनच जा. काजलीगढला जुन्या गढीचे अवशेष आहेत, महादेवाचं देऊळ आहे, आणि समोर खोल हिरवी दरी. तुझ्या पाऊण तासाच्या चालण्याला ही जागा मला सगळ्यात आवडते. सासूबाई देवळाशी निवांत बसू शकतात, ११ वर्षांच्या मुलाला गढीत हिंडता येतं.

फक्त लेकीचा हात सोडू नकोस. कड्याला सगळीकडे कठडा नाही आणि पावसाळ्यात गवत वाढल्यावर काठ कुठे संपतो ते कळत नाही. एका मोठ्या माणसाने फक्त तिच्याकडे बघायचं, फोटोही काढायचे नाहीत, असं घरूनच ठरवून निघा. आम्ही मुलांबरोबर जातो तेव्हा तसंच करतो.

भटक्या_सुदामानगर

भाच्याला खरी मजा हवी असेल तर पाताळपाणी ते कालाकुंड रुळांच्या कडेने चाला. साधारण दहा किलोमीटर, सगळा घाट, बोगदे, पूल. आमचा ग्रुप नेहमी जातो.

महूकर_काका

भटक्या, घाट सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे सुचवू नकोस रे. रुळांवरून चालणं रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि बोगद्यात किंवा पुलावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. मोठ्या माणसाला तिथे पळता येत नाही, मग मुलाला घेऊन काय करणार?

तोच घाट बसून बघता येतो. पाताळपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडी २५ डिसेंबर २०१८ ला सुरू झाली, मीटर गेजवरची. जुई, आधी वेळापत्रक आणि आरक्षण मात्र बघ, ती रोज धावत नाही आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जागा लवकर भरतात. गुडघ्याचा प्रश्नच मिटतो. कालाकुंडला उतरल्यावर पळसाच्या पानातला कलाकंद मिळतो, तो खाल्ल्याशिवाय परत येऊ नका.

भाच्याला गाडीत एवढं सांग: ही रेल्वे यावी म्हणून १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. संस्थानाने सरकारला! मी लहानपणी हे आजोबांकडून ऐकलं तेव्हापासून त्या घाटातून जाताना छाती भरून येते.

जुई_राजेंद्रनगर

काका, तुमचा पहिला प्रतिसाद मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आधी गप्प बसले, मग म्हणाले, ‘ठीक आहे, वरूनच बघू.’ सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘मग मी पण येणार!’ तुमचे खरंच आभार.

गाडीच्या जागा त्या रविवारी मिळत नाहीयेत. म्हणून सकाळी लवकर पाताळपाणी, आणि तिथे टंट्या मामांच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लांच्या, मंदिरात दर्शन. मग महूला नाश्ता, आणि दुपारी वेळ उरला तर जानापाव. हे जमेल का? की सिमरोलची बाजूच धरू?

सिमरोलची_सून

जमेल. पाताळपाणी आणि सिमरोल एकाच दिवशी नको, उगाच गाडीतच दिवस जाईल. काजलीगढ पुढच्या खेपेला ठेव. जानापावला धबधब्याची अपेक्षा ठेवू नका, पण गाडी वरपर्यंत जाते आणि ढग खाली उतरले असतील तर हलावंसं वाटत नाही. परशुरामांचं स्थान म्हणून सासूबाईंनाही बरं वाटेल. चंबळचा उगम तिथला मानतात. मुलांना गंमत दाखव: चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते, आणि सकाळी पाताळपाणीला पाहिलेली चोरल दक्षिणेला नर्मदेत. एकाच दिवसात दोन्हीकडची पाणी बघून होतील.

आदल्या रात्री मुसळधार झाली तर निघण्याआधी बातम्या बघ. जोराच्या पावसात प्रशासन अनेकदा धबधब्यांवर जायला मनाई करतं. तसं झालं तर सरळ जानापावलाच जा.

महूकर_काका

क्रम बरोबर आहे. पाताळपाणीला साडेआठच्या आत पोचा. दहानंतर रविवारी इतकी गर्दी होते की कठड्याशी उभं राहायला जागा मिळत नाही, आणि गाडी लांब लावावी लागली की सासूबाईंचं चालणं वाढतं. त्यांना मागे पट्टा असलेले, तळ धरणारे बूट घाल, चपला नकोत. हातात काठी असू दे, त्या नको म्हणाल्या तरी.

जुई_राजेंद्रनगर

काठी सासऱ्यांची आहे घरात, ती घेते. शेवटचं एक: डबा तिथे धबधब्याजवळ बसून खाता येईल ना? पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करणार आहे.

भटक्या_सुदामानगर

ताई, पाताळपाणीला उघड्यावर डबा काढू नका, माकडं खूप आहेत. हातात पिशवी दिसली तरी ओढतात, आणि लहान मुलांना घाबरवतात. गाडीत काचा लावून खा, किंवा जानापावपर्यंत थांबा. आणि काका, रुळांचं मान्य. पुढच्या वेळी ग्रुपला गाडीनेच नेतो.