तळघरात होम थिएटर करायचंय, पण भिंतीला ओल आहे

मदत हवी आहे. घराखालचं तळघर १८ बाय ११ फूट, उंची जेमतेम साडेसात. तिथे सगळ्यांनी मिळून सिनेमा बघावा, ही फार दिवसांची इच्छा. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५, म्हणजे १०० इंची (कर्ण) पडद्याला साधारण ११ फूट अंतर लागतं, ते बसतंय.

खरी अडचण ओलीची. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला, तर भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले. पाणी भिंतीतूनच येतंय. त्यावर आवाजासाठी रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा लोकरीसारखा थर) आणि जिप्सम बोर्ड चढवले तर आत बुरशी धरेल ना? आतून वॉटरप्रूफिंग पुरतं, की बाहेरून खणावंच लागतं? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.