जपानी कीबोर्डचा लॅपटॉप शोधू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीला जपानी टायपिंगसाठी पस्तीस हजारांत लॅपटॉप हवाय आणि राजारामपुरीतल्या दुकानदारानं ‘जपानी कीबोर्डवाला मागवावा लागेल’ असं सांगितलं. कृपा करून मागवू नका. साधा इंग्रजी कीबोर्ड पुरतो. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये जपानी जोडली की टायपिंगची सोय फुकट मिळते. रोमन अक्षरांत ‘हाशी’ लिहायचं, स्पेस दोनदा दाबायचा, की यादी येते: पूल, जेवणाच्या काड्या, कडा. स्पेलिंग एकच, कांजी (जपानीतली चिनी वळणाची चिन्हं) तीन. हवी ती निवडून एंटर. इंग्रजीवर परतायला ऑल्ट आणि १ या आकड्याच्या डावीकडची की.

पैसे खरे घालायचे ते स्क्रीनवर. ‘वाट पाहणे’ आणि ‘हातात धरणे’ यांच्या कांजींत फरक फक्त डाव्या बाजूच्या रेघांचा. माझ्या जुन्या कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर लहान अक्षरात दोन्ही सारख्याच दिसायच्या, रात्री अभ्यास करताना डोळे भरून यायचे. म्हणून फुल एचडी, आयपीएस पॅनेल (बाजूनं पाहिलं तरी नीट दिसणारा स्क्रीन), यात तडजोड नको. आठ जीबी रॅम, एसएसडी (जलद साठवण). प्रोसेसर मधला चालेल.

घेण्याआधी लेकीला दुकानात बसवून दहा मिनिटं टाईप करू द्या. स्पेसबार कडक असेल तर तो लॅपटॉप सोडा, जपानीत दर शब्दाला तोच लागतो. घ्यायचाच तर आत्ताच घ्या, टायपिंगला हात बसायला वेळ लागतो.