अनुभव धागा: मधल्या दिवसांचं बळ

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवाने काय केलं याची साक्ष द्यायला जो उभा राहतो त्याची गोष्ट बहुतेक संपलेली असते. आजार बरा झालेला, नोकरी लागलेली. "देवाचा गौरव होवो" म्हणून माणूस खाली बसतो. मला मधल्या दिवसांचं ऐकायचंय. आधी माझं सांगते.

बाबा नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत तीस वर्षं पाळक होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पण भजन सुरू केलं की पुढची ओळ शब्दांसकट सुरात म्हणतात! डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांचं. पहाटे पाचला त्यांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, मग माझी शाळा. सुरुवातीला "प्रभू, हे सगळं निभावायची ताकद दे" अशी घाऊक प्रार्थना करायचे आणि दुपारपर्यंत कोलमडायचे. मग एका रविवारी चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांना मान्न्याचा, म्हणजे अरण्यात इस्राएल लोकांना देवाने रोजच्या रोज दिलेल्या अन्नाचा, धडा शिकवत होते. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, आणि सकाळपर्यंत ठेवला तर किडे. शिकवता शिकवता मीच गप्प झाले. आता "कुशीवर वळवण्यापुरतं दे" एवढंच मागते. तेवढं मिळतं. चिडचिड होतेच, तिच्यासाठी वेगळं मागावं लागतं.

तुम्ही लिहा. वचन चालेल, उपदेश नको.

मिरजेची सिस्टर
एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट, अतिदक्षता विभागात नाईट. एका रात्रीत तीन पेशंट गेले. किट काढून जिन्यावर बसले आणि म्हटलं, देवा, पुरे, आता मलाच ने. वॉर्डातल्या मावशी आल्या. त्या ख्रिस्ती नाहीत. डब्यातली भाकरी पुढे करून म्हणाल्या, "आधी खा, मग रड." खाल्लं. वीस मिनिटं भिंतीला टेकून झोपले, त्यांनी कुणाला उठवू दिलं नाही.
बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला काही समजावलं नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं. लहानपणापासून ऐकलेला अध्याय. भाकरीबरोबर ठेचाही असतो हे त्या रात्री कळलं.

वसईचा वाडीवाला
१७ मे २०२१, तौक्ते वादळ. घड लागलेली केळी रांगेनं आडवी. बाबा वाडीत नुसते उभे. रात्री रोझरी हातात घेतली, पहिला मणी पुढे सरकेना. सकाळी शेजारचे सात-आठ जण कोयते घेऊन हजर. त्यांच्याही वाड्या पडल्या होत्या. आज तुमची, उद्या आमची, असं ठरवून आले होते. सामर्थ्य वरून येतं म्हणतात, आमच्याकडे कुंपणावरून आलं. सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. हेही लिहितो, नाहीतर माझीही गोष्ट संपलेली वाटेल.

सात ते नऊ
दारू. सुटून तीन वर्षं, त्याआधी दोनदा सोडून पुन्हा धरलेली. बायबलमधल्या फिलिप्पैकरांसच्या पत्रातलं "मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सगळं करू शकतो" अशा अर्थाचं वचन मोबाईलच्या कव्हरवर होतं आणि मी कव्हरसकट बारमध्ये बसायचो. प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिलं, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत भूक आणि टंचाई आहे, हे पाळकसाहेबांनी दाखवलं. मला संध्याकाळचे दोन तास जड जातात. तेव्हा मंडळीतल्या एका भावाला फोन करतो. तो फक्त "जेवलास का?" विचारतो.

मागचा बाक
मला बळ मिळालं नाही, लिहू का? आई कर्करोगाने गेली. सांत्वनाला आलेला एक जण म्हणाला, "तुमचा विश्वास कमी पडला." त्यानंतर वर्षभर चर्चला गेलो, पण गायलो नाही. पुस्तक धरून उभा राहायचो, बाजूचे गायचे. घरी बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचायचो. ते अंधारातच संपतं, शेवटी "तरीपण" येत नाही. पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, काढ अशी देवाला तीनदा विनंती केली होती, काटा निघाला नाही.

(मी: लिहा, यासाठीच धागा काढलाय. वर्षभर चर्चला मात्र जात राहिलात?)

मागचा बाक
हो. का ते सांगता येणार नाही. पाय जायचे.

केडगावची नात
आजी मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या आश्रमात वाढली, बाई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेलं सांगायची. बाईंना ऐकू येणं कमी झालेलं, १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर चालूच. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. आम्ही "केवढं धैर्य!" म्हणायचो, तर आजीला पटायचं नाही. "धैर्य कसलं? सकाळी उठून पुढची ओळ घेतली असेल." आजीची स्वतःची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. रोज दुपट्याची एकच बाजू शिवायची. माझ्या मुलाचं दुपटं त्याच्या पहिल्या वाढदिवसाला पूर्ण झालं.

मी पुन्हा
सगळ्यांना सलाम. मागच्या बाकावरच्या दादा, तुमचं दोनदा वाचलं. बाबांना पेज द्यायची वेळ झाली. आज ते दुसऱ्या कडव्याला अडकले, कधी नव्हे ते. थोडा वेळ थांबले, मग मीच म्हटलं. बाकीचं रात्री वाचते.