सॉकर आणि कॅनेडियन फुटबॉल, दोन्ही एकाच स्टेडियममध्ये कसं बसवायचं? थिसिससाठी मदत हवीये

वेंगुर्ल्याचो_झील:
नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या पावसात घरीच वेंगुर्ल्याला बसून थिसिस करतोय. विषय मीच हट्टाने घेतला, कॅनडातल्या एका मध्यम शहरात असं स्टेडियम की जिथे सॉकर (म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल) पण होईल आणि कॅनेडियन फुटबॉल पण (तो अंडाकृती बॉलवाला, एका बाजूला १२ जण). आता गाडी अडलीये. सॉकरला १०५ बाय ६८ मीटर लागतं, आणि कॅनेडियन फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकांचे एंड झोन (गोललाइनच्या पलीकडचे पट्टे, जिथे बॉल नेला की गुण मिळतात) धरून १५० यार्ड लांब नि ६५ यार्ड रुंद, म्हणजे १३७ बाय साडेएकोणसाठ मीटर. एक लांबडं आणि अरुंद, दुसरं आखूड आणि रुंद. दोन्ही एकावर एक ठेवली तर सॉकरच्या गोलमागे १६-१६ मीटर रिकामी जागा उरते आणि गोलमागे बसणाऱ्याला काही दिसत नाही, आणि तीच तर गाणी म्हणणारी, ढोल वाजवणारी माणसं असतात. टोकांना मागेपुढे सरकणाऱ्या खुर्च्या द्याव्यात का? आणि गवत खरं की कृत्रिम?

जांभ्याचा_चिरा:
मी रत्नागिरीत सिव्हिलची कामं करतो, स्टेडियम कधी बांधलं नाही, पण तुझे आकडे कागदावर मांडून बघितले. रुंदीची काळजी सोड, सॉकरच्या ६८ मध्ये त्यांचे साडेएकोणसाठ आरामात बसतात. खरी अडचण तू लिहिलीच नाहीस भावा, ती त्यांच्या गोलपोस्टची आहे. त्यांचा पोस्ट गोललाइनवर असतो, एंड झोनच्या मागे नाही, आणि दोन गोललाइनमधलं अंतर ११० यार्ड, म्हणजे १००.६ मीटर. सॉकरचं १०५. म्हणजे त्यांचा खांब सॉकरच्या गोलसमोर सव्वादोन मीटर आत, बरोबर मधोमध येतो. तो दर वेळी काढायचा म्हणजे जमिनीत पक्कं फाउंडेशन आणि वर झाकण, आणि ते झाकण गोलकीपरच्या पायाखाली. मला तर ते बघूनच भीती वाटली. आता चांगली बातमी, २०२७ पासून सीएफएल (कॅनेडियन फुटबॉलची लीग) मैदान १०० यार्डांचं करतेय, एंड झोन १५-१५ यार्ड, आणि पोस्ट एंड झोनच्या मागच्या टोकाला. एकूण १३० यार्ड, ११८.९ मीटर. तुझे १६ मीटर ७ वर आले आणि खांबसुद्धा मैदानाबाहेर गेला!

गुहागरची_मेधा:
मी टोरांटोत राहते, इथल्या बीएमओ फील्ड स्टेडियमवर दोन्ही खेळ बघितलेत. ते २००७ मध्ये सॉकरसाठीच बांधलं होतं, आर्गोनॉट्स (टोरांटोचा कॅनेडियन फुटबॉलचा संघ) २०१६ मध्ये आले, तेव्हा एंड झोन २० ऐवजी १८ यार्डांचे करावे लागले आणि ते कृत्रिम गवताचे ठेवले, मध्ये मात्र खरं गवत. म्हणजे पळत येणारा खेळाडू एका पावलात एका जमिनीवरून दुसरीवर जातो, हे तुझ्या डिझाइनमध्ये नक्की टाळ. व्हँकुव्हरच्या बीसी प्लेस स्टेडियमला दोन्ही खेळांचे संघ कृत्रिम गवतावरच खेळतात, तो मार्ग सोपा आहे, पण २०१५ चा महिला वर्ल्डकप कॅनडात सगळा कृत्रिमवर झाला तेव्हा खेळाडूंनी केवढी तक्रार केली होती, त्यांचं म्हणणं मला पटतं. रेषांचं पण बघ रे बाबा. २०१६ मध्ये माँट्रियलला सॉकरच्या प्लेऑफच्या मॅचला पेनल्टी बॉक्सच चुकीच्या मापाचा आखलेला निघाला, पुन्हा आखेपर्यंत सगळे ताटकळले.

कुडाळचो_मास्तर:
बाबू, आमच्या मैदानाचा सांगतंय. क्रिकेटची पीच बरोबर मधी, म्हणजे फुटबॉलच्या सेंटर सर्कलात. लाल माती रोलर मारून दगडासारखी केलेली, पोरगो पडलो की गुडघो फुटलो. वर पावसात आजूबाजूला चिखल आणि मधी तेवढी घसरडी. शेवटी आम्ही फुटबॉलचं मैदानच बाजूक सरकवलं, पीच साइडलाइनच्या भायर गेली, क्रिकेटवाल्यांची एका बाजूची बाउंड्री आखूड झाली, चार दिवस भांडाण झाला आणि मग सगळे खेळाक लागले. म्हणून विचारतंय, तुज्या शहरात दोघांतलो कोण जास्त खेळतलो? त्याचो आधी विचार कर.

वेंगुर्ल्याचो_झील:
मास्तर, ताई, दादा, तुम्ही तिघांनी आठवडा वाचवलात. पोस्टचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच परत आखलं, फिफा सॉकरच्या मैदानाभोवतालची मोकळी जागा धरून साधारण १२५ बाय ८५ मीटर सुचवते, त्यात ११८.९ मीटर बसतात आणि दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर उरतात. म्हणजे सरकत्या खुर्च्यांची गरजच नाही, पैसे आणि देखभाल दोन्ही वाचलं. मास्तर, सॉकरच जास्त होणार, म्हणून पहिली रांग सॉकरच्याच हिशोबाने ठेवतोय. एंड झोनसकट सगळीकडे एकच खरं गवत, आत प्लास्टिकचे धागे शिवलेलं. फक्त एक विचारायचंय, टोकाला तीन मीटरवर काँक्रीटची भिंत असेल आणि बॉल पकडायला पूर्ण वेगात पळत आलेला माणूस तिच्यावर आपटला तर? पॅडिंग किती जाड लागतं ते कोणाला माहीत असेल तर सांगा.