फराळाच्या दुकानाची वेबसाइट: लोक येतात, बघतात आणि ऑर्डर न देता जातात

दांडियाबाजार_फराळ
नमस्कार मंडळी. बडोद्याला दांडिया बाजारात आमचं घरगुती फराळाचं दुकान आहे. चकली, चिवडा, करंज्या, अनारसे, शिवाय भाजणी-मेतकूट. गिऱ्हाईक अर्धं मराठी, अर्धं गुजराती. मागच्या वर्षी एकाकडून वेबसाइट करून घेतली. महिन्याला साडेतीनशे-चारशे लोक येतात, ऑर्डरी चार-पाच. फोनवर मात्र दिवसभर तेच: भाव काय, दुकान नेमकं कुठे, मांजलपूरला पोचवता का. पहिल्या पानावर मोठे फोटो आपोआप सरकतात, त्याखाली 'आमच्याविषयी', मग संपर्काचा फॉर्म. भावपत्रक पीडीएफमध्ये आहे. दिवाळीला दोन महिने आहेत. सगळी नवी करायची की आहे तीच नीट करायची? आणि सुरुवात कुठून?

सुरसागरकाठी
नवी करू नका ताई. फोनवर येणारे जे तीन प्रश्न लिहिलेत ना, तेच तुमचं पहिलं पान.

सरकते फोटो काढून टाका. दुसरा-तिसरा फोटो येईपर्यंत माणूस बोटाने खाली गेलेला असतो, आणि तेवढ्यासाठी पाच फोटोंचं वजन पान उघडतानाच पडतं. त्या जागी एकच फोटो ठेवा, चकलीचा, जवळून काढलेला, काटे दिसले पाहिजेत. खाली मजकूर असा: 'घरगुती मराठी फराळ. चकली ५२० रुपये किलो, पाव किलोपासून. दांडिया बाजारातून न्या किंवा घरपोच मागवा.' लगेच खाली दोन बटणं, एक व्हॉट्सअ‍ॅप, एक फोन. बोटाने न चुकता दाबता यावं म्हणून बटणाची उंची निदान ४८ पिक्सेल. एवढं सगळं साध्या मोबाइलवर न सरकवता दिसलं पाहिजे. 'आमच्याविषयी' राहू द्या, पण सगळ्यात शेवटी.

पीडीएफ आजच काढा. मोबाइलवर ती आधी डाउनलोड होते, मग चिमटीने मोठी करून वाचावी लागते, आणि तुम्ही भाव बदललात तरी लोकांच्या फोनमध्ये जुनीच पडून राहते. मग दुकानात वाद. त्यापेक्षा जे सहा-सात पदार्थ जास्त खपतात त्यांना एकेक स्वतंत्र पान द्या. पाव, अर्धा आणि एक किलोचा भाव, तेल कोणतं, किती दिवस टिकतो, किलोत अंदाजे किती नग बसतात. हे शेवटचं बहुतेक दुकानं लिहीतच नाहीत, आणि आहेराला किंवा ऑफिसात वाटायला घेणारा नेमकं तेच विचारतो.

संपर्काच्या फॉर्मऐवजी प्रत्येक पदार्थाच्या पानावर व्हॉट्सअ‍ॅपची लिंक लावा, तीही संदेश आधीच भरलेली: 'चकली १ किलो हवी. पत्ता:'. लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करून सलग लिहायचा. आधी अधिकचिन्ह नको, शून्य नको, मधे जागा नको. निम्म्या लिंका इथेच मरतात. संदेशात 'आणि' अक्षरांनीच लिहा. इंग्रजी '&' चिन्ह तसंच टाकलं की लिंकला वाटतं पुढे नवी माहिती सुरू झाली, आणि त्यापुढचा मजकूर गळतो. बटण पडद्याच्या तळाशी चिकटवणार असाल तर पानाच्या शेवटी तेवढीच मोकळी जागा सोडा, नाहीतर पत्त्याची शेवटची ओळ बटणाखाली दडते.

'शहरात सर्वत्र घरपोच' असं लिहू नका. भागांची नावं घाला: रावपुरा, मांडवी इथे अमुक रुपयांपुढे मोफत; अलकापुरी, गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोड इथे पोचवण्याचे इतके पैसे, अमुक वाराला. फोन निम्म्यावर येतील.

लिपीवाला_रावपुरा
वर सांगितलं ते सगळं करून झालं तरी अर्धं गिऱ्हाईक तुम्हाला सापडणारच नाही, कारण ते वेगळे शब्द शोधतं. तुम्ही चकली म्हणता, गुजराती माणूस 'चकरी' म्हणतो. करंजीला 'घूघरा', शंकरपाळ्यांना 'शक्करपारा', पातळ पोह्यांच्या चिवड्याला 'पौंआनो चेवडो'. हे शब्द पानावर कुठेच नसतील तर गूगलने तुम्हाला दाखवावं तरी का? वर शहराची नावं दोन, बडोदा आणि वडोदरा, आणि बरेच जण दोन्ही रोमन अक्षरांत टाइप करतात. पदार्थाच्या पानाच्या शीर्षकात पदार्थाचं नाव आणि शहर दोन्ही हवं. रोमन लिपीतलं नाव एकदा तरी मजकुरात येऊ द्या. पानाचा पत्ता (लिंक) मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पुष्कळदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन जातो आणि लोक त्यावर बोट ठेवायला घाबरतात.

गुजरातीसाठी आपोआप भाषांतर करणारं बटण लावू नका. ते बटण पान बघणाऱ्यापुरतं बदलतं, शोधात गुजराती पान म्हणून काहीच उभं राहत नाही. आणि ते 'अनारसे'चं काय करील, देव जाणे. गुजराती पानं वेगळी, वेगळ्या पत्त्यावर, शेजाऱ्याकडून वाचून घेतलेली. दोन्ही पानांत एकमेकांकडे बोट दाखवणारी एचरेफलँगची खूण (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणारी कोडमधली ओळ) घाला. एकाच बाजूने घातली तर गूगल ती धरत नाही.

आता अक्षरं. शीर्षकाला ऐटदार दिसावं म्हणून डिझाइनर अक्षरांमधलं अंतर वाढवतात. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'चकली'ची तीन सुटी अक्षरं लोंबकळतात. ते अंतर शून्य ठेवा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ पट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. मराठीला मुक्ता आणि गुजरातीला मुक्ता वाणी हे फाँट जोडीचे आहेत, दोन्ही मोफत. जाड आणि साधा, असे दोनच प्रकार घ्या. जुनं भावपत्रक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेलं असेल तर तिथून मजकूर उचलू नका, वेबवर कचरा दिसेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारखीच दिसणारी अक्षरं वापरून, पुन्हा टाइप करा.

मांजलपूरकर
फोटोंचं मी सांगतो. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवला की पान अडतं. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी प्रकार (वेबसाठीचा हलका फोटो), वजन दीडशे केबीच्या आत. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली हवी. नसली तर फोटो उशिरा येतो, खालचं सगळं ढकलतो आणि माणूस फोनचं बटण दाबायला जातो तेव्हा बोट भलत्याच ठिकाणी पडतं. खालच्या फोटोंना 'लेझी लोडिंग', म्हणजे माणूस तिथवर सरकल्यावरच फोटो उघडणं, चालेल, पण पहिल्या चकलीच्या फोटोला ते लावू नका, तोच उशिरा येईल.

तपासायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स मोफत आहे. मोबाइलचा निकाल बघा, संगणकाचा बहुतेकदा हिरवाच असतो. मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, उघडताना पान किती सरकतं त्याचं माप (सीएलएस) ०.१ च्या खाली. फिरता गूगल नकाशा पानात चिकटवला असेल तर तोही जड पडतो. नकाशाचं साधं चित्र लावा आणि त्यावर लिंक द्या.

आणि गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या दुकानाची नोंद. 'माझ्याजवळ फराळ' शोधणाऱ्याला वेबसाइटच्या आधी तेच दिसतं. नाव, पत्ता, फोन वेबसाइटवर आहे तसाच, अक्षर न अक्षर. नवरात्रात संध्याकाळच्या वेळा बदलतात, त्या 'विशेष वेळा'त आधीच भरून ठेवा. प्रोफाइलसोबत गूगल जी फुकट वेबसाइट द्यायचा ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या पाकिटांवर तो पत्ता छापलेला असेल तर चिठ्ठी चिकटवा.

हिशेबनीस
कायद्याचंही बघून घ्या. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर प्रत्येक पानाच्या तळाशी. ऑनलाइन विक्री म्हटली की २०२० चे ई-कॉमर्स नियम लागतात: धंद्याचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, तक्रार ऐकणाऱ्याचं नाव आणि संपर्क. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. पुण्याच्या नातेवाइकांना पार्सल पाठवायची सोय ठेवणार असाल तर आधी सीएशी बोला. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. तोपर्यंत पानावर 'फक्त गुजरातेत' असं स्पष्ट लिहा.

दांडियाबाजार_फराळ
सगळ्यांचे आभार. दोन शंका. पेमेंट गेटवे (वेबसाइटवरच पैसे घ्यायची सेवा) घ्यावा का? आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, ज्याने वेबसाइट केली त्याच्याच नावावर आहे, पासवर्डही त्याच्याकडे. आत्ताच बदलून घेऊ का?

हिशेबनीस
डोमेन तुमच्याच नावावर हवं, पण दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या कंपनीकडे हलवू नका. हलवाहलवीत डीएनएस (नावावरून साइट शोधून देणारी नोंद) चुकलं तर ऐन हंगामात साइट बंद. आत्ता दोनच गोष्टी करा: खात्यात तुमचा ईमेल घालून घ्या आणि मुदत कधी संपते ते बघून एका वर्षाचे पैसे आधीच भरा. दिवाळीनंतर ट्रान्सफरचा कोड मागून स्वतःच्या खात्यात आणा. डॉट कॉम असेल तर नोंदणीनंतर किंवा आधीच्या ट्रान्सफरनंतर ६० दिवस ते हलत नाही, हेही लक्षात असू द्या.

गेटवे घ्याच असं माझं मत. दिवाळीत कुणाचे पैसे कुठल्या ऑर्डरचे हे जुळवताना रात्र जाते.

सुरसागरकाठी
मला नाही पटत. दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरींपर्यंत यूपीआय पुरतं. गेटवेला कमिशन द्या, वर परतावा, गोपनीयता, डिलिव्हरी अशी धोरणांची पानं लिहा, मग मंजुरीची वाट बघा. दोन महिन्यांत ते वेळखाऊ काम कशाला? फक्त पैसे आल्याचा स्क्रीनशॉट खरा धरू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम बघूनच पाकीट बांधा. अनारसे-करंज्यांसारख्या वेळखाऊ पदार्थांना निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि शेवटची ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत.

दांडियाबाजार_फराळ
ठीक, यंदा यूपीआयच. कुठल्या पानावरून ऑर्डर आली हे कसं कळायचं? मला ते अ‍ॅनालिटिक्सचे (साइटवर कोण किती येतं ते मोजणाऱ्या सेवेचे) आलेख समजत नाहीत.

लिपीवाला_रावपुरा
आलेख राहू द्या. प्रत्येक पानाच्या भरलेल्या संदेशात सुरुवातीला एक खूण टाका: मराठी चकली पानाला 'म-१', गुजराती चकरी पानाला 'गु-१', करंजीला 'म-२', घूघराला 'गु-२'. गिऱ्हाईक ती सहसा खोडत नाही. रविवारी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'गु-' शोधा आणि वहीत आकडा मांडा. गुजराती पानं आधी चढवा. नव्या पानांची नोंद घ्यायला गूगल काही दिवस, कधी काही आठवडेही घेतो, आणि घूघऱ्यांची चौकशी नवरात्र संपता संपताच सुरू होते.